फ्लॉरेन्स ते सिएना: व्हॅनमधून उतरवलेल्या तीन बॅगा

मागच्या हिवाळ्यात बाबांनी नागपूरहून एक व्हिडिओ पाठवला. इटलीतला कुठलातरी डोंगर, चिंचोळा रस्ता आणि एका वळणावर एक लांबलचक बस. खाली त्यांचा मेसेज: ‘हा भाऊ रिव्हर्स न घेता वळवते कसा, एकदा पाहाले पाहिजे.’

माझे बाबा चौतीस वर्षं सरकारी बस चालवत होते. नागपूरहून अमरावती, चिखलदरा, चंद्रपूर. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी अमेरिकेत, हर्नडनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून तो व्हिडिओ चारदा पाहिला आणि लेकीला, मैत्रीला, म्हटलं, “तुझ्या स्प्रिंग ब्रेकला इटली. आजोबा तिथे येतील.” मैत्री तेरा वर्षांची आहे. तिने मान वर न करता विचारलं, “विल देअर बी वायफाय?” नवऱ्याला, संदेशला, नवीन नोकरीत सुट्टी मिळणार नव्हती. म्हणजे आम्ही तिघं.

तिघांवरच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

पण एका पॉटलकला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी हे बोलून बसले, आणि नचिकेत लगेच म्हणाला, “यार, आम्ही पण येतो. केतकीची आई तेव्हा इकडेच असेल, तिचंही फिरणं होईल.” नचिकेत आणि केतकी, दोघं नवराबायको पुण्याचे. आमच्यापासून दोन सिग्नलवर राहतात. बारा वर्षांची ओळख. मैत्री लहान असताना मला ताप आला की केतकी तिला डेकेअरमधून आणायची. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाईट माणसांबद्दल नाही. वाईट माणसांवर रागवणं सोपं असतं.

शनिवारी नचिकेतने व्हॉट्सॲप ग्रुप काढला, सोमवारपर्यंत प्रवासाची शीट तयार. रोम ते फ्लॉरेन्स ट्रेन, याबद्दल वाद नव्हता: दीड तासाचा प्रवास, आधी बुक केलं तर स्वस्त. वाद झाला फ्लॉरेन्स ते सिएनावर. पर्याय तीन. ट्रेन जाते, पण सिएनाचं स्टेशन गावाच्या खाली आहे, तिथून सरकत्या जिन्यांच्या रांगा चढून वर यावं लागतं. बस गावाच्या वरच्या अंगाला, जुन्या भागाच्या अगदी जवळ सोडते. आणि तिसरा पर्याय, भाड्याची गाडी. दोन्ही गावांच्या मध्यात परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी आहे, कॅमेरे बसवलेले असतात. शिवाय अमेरिकन लायसनसोबत इंटरनॅशनल परमिट काढावं लागतं. नचिकेतने ते काढूनही ठेवलं होतं. “नऊ सीटर व्हॅन घेऊ. सगळे एकत्र, सामान एकत्र. काकांना कुठे बसमध्ये धक्के खायला लावतेस?”

मी लिहिलं होतं की बाबांना बसच हवी आहे. त्यावर तीन हसऱ्या चेहऱ्यांचे इमोजी आले. मी पुढे काही लिहिलं नाही. माझी ही जुनी सवय आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डलस विमानतळावरून निघून रोमला उतरलो. बाबा मुंबईमार्गे आमच्याआधी तीन तास येऊन बसले होते. अंगात मी पाठवलेलं जॅकेट, त्याखाली त्यांचं नेहमीचं हाफ स्वेटर. सगळ्यांनी वाकून नमस्कार केले. केतकीच्या आईंना आम्ही शैलामावशी म्हणतो. त्या म्हणाल्या, “किती फ्रेश दिसताय हो प्रवासानंतर!” नचिकेतने बाबांच्या हातातली बॅग अक्षरशः ओढून घेतली. “काका, तुम्ही काही उचलायचं नाही. आम्ही कशाला आहोत?”

फ्लॉरेन्सला पोचल्यावरही तेच. बाबांना ट्रेनमध्ये खिडकी, टॅक्सीत पुढची सीट, हॉटेलात खालच्या मजल्यावरची खोली. बाबा संकोचायचे, पण सुखावलेही होते. मला फार बरं वाटत होतं. तेव्हा.

फ्लॉरेन्सबद्दल थोडं, कारण काही जण त्यासाठीच वाचत असतील. मोठ्या घुमटावर चढायचं असेल तर वेळ कित्येक दिवस आधी बुक करा; पायऱ्या चारशेहून जास्त, लिफ्ट नाही. मैत्री चढली, आम्ही खाली बसलो. नदीकाठी सकाळी आठच्या आत जा, नंतर माणसांचे खांदेच दिसतात. तिथल्या पावात मीठ नसतं. आपला काही दोष नाही, तिकडची पद्धतच आहे. शिळा पाव आणि पालेभाज्या घालून केलेलं एक दाट सूप मिळतं, ते बाबांना इतकं आवडलं की दोन दिवस तेच. “शिळ्या पोळीचा कुस्करा आहे हा, फक्त युरोत,” असं म्हणून ते वरून मीठ घालायचे. गल्ल्यांमधून छोट्या विजेवरच्या बस फिरतात. बाबा एका कोपऱ्यावर अर्धा तास उभे राहून त्या वळताना बघत होते. शैलामावशी मला हळूच म्हणाल्या, “तुझ्या वडिलांना खात्याची आवड अजून आहे हं.”

खात्याची. तेव्हाच मला पुढचं कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बाजाराजवळच्या एका खाणावळीत जेवत होतो. व्हॅन दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होती, तिचं कौतुक चाललं होतं. केतकीने सहज विचारलं, “काका, तुम्ही ट्रान्सपोर्टमध्ये ऑफिसर होतात ना? मग इकडची सिस्टिम कशी वाटली?”

बाबांनी चमचा खाली ठेवला. “ऑफिसर? नाही जी. मी ड्रायव्हर होतो. चौतीस वर्षं बस चालवली.”

आणि माझ्याकडे बघितलं.

मी पाण्याचा ग्लास उचलला.

“अच्छा!” नचिकेत म्हणाला. “अरे वा.”

शैलामावशींनी विचारलं, “नागपूरला कुठल्या भागात तुम्ही?”

हा प्रश्न मी अमेरिकेत वीस वेळा ऐकलाय आणि वीस वेळा ‘मेन रोडच्या जवळच’ असं काहीतरी बोलून टाळलाय. बाबांनी साधं उत्तर दिलं, “इंदोऱ्याले. पहिल्यापासून.” आम्ही बौद्ध आहोत. इंदोरा म्हटलं की नागपूर थोडंफार माहीत असलेल्याला पुढचं विचारावं लागत नाही. शैलामावशींची बहीण नागपूरला दिलेली आहे.

“हो का,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, फार गोड आवाजात, “पण बघा ना, मुलीला कुठल्या कुठे पोचवलंत तुम्ही. खरंच कौतुक आहे.”

पुन्हा सूपकडे वळून बाबा जेवू लागले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नचिकेत व्हॅन घेऊन आला. बंदीच्या हद्दीबाहेर, हॉटेलपासून दहा मिनिटांवर ती उभी केली. आम्ही बॅगा ओढत तिथे पोचलो. त्याने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, “काका, सामान जरा तुम्हीच लावा. तुमचा हात बसलेला असणार.”

बाबा पुढे झाले. त्यांनी शैलामावशींची मोठी निळी बॅग उचलली. मग केतकीची. मग नचिकेतची. सत्तरी ओलांडलेला माणूस. आणि आदल्या दिवसापर्यंत ज्याला खांद्यावरची पिशवी धरू देत नव्हते, तो एकटा सहा जणांचं सामान चढवत होता आणि बाकीचे फोनमध्ये रस्ता बघत होते. मी माझी बॅग स्वतः चढवली. एवढंच सुचलं.

मग बसायची वेळ झाली. बाबा सवयीने पुढच्या दाराकडे गेले, तर केतकी म्हणाली, “काका, तुम्ही शेवटच्या रांगेत बसाल? आईला मागे गाडी लागते.”

ट्रेनमध्ये उलट्या दिशेच्या सीटवर बसून शैलामावशींना काहीही झालं नव्हतं.

“बसतो की,” बाबा म्हणाले.

नचिकेतने किल्ली हवेत उडवून झेलली. “आणि मी दमलो तर टेन्शन नाही. आता घरचाच ड्रायव्हर आहे!”

सगळे हसले. बाबाही हसले. ते हसले ना, तेव्हा माझं डोकं फिरलं.

“आमच्या तीन बॅगा काढ,” मी नचिकेतला म्हटलं. “आम्ही बसने येतो.”

“काय?”

“बसने. स्टँड इथून पंधरा मिनिटांवर आहे.”

“प्रज्ञा, यार, जोक होता. ओव्हररिॲक्ट नको करूस.”

“त्या दिवशी रोममध्ये तू त्यांना पाण्याची बाटली धरू देत नव्हतास. काल दुपारी जेवताना असं काय झालं, की आज ते तुझं सामान उचलतायत?”

“अगं, त्यांना सवय आहे म्हणून म्हटलं,” केतकी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. “तू काय अर्थ काढतेयस?”

“तुला माहितीये मी काय अर्थ काढतेय.”

शैलामावशी व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून समोर बघत होत्या. त्यांनी काच वर केली. मी आत चढून आमच्या बॅगा ओढून काढल्या. एक बॅग घोट्यावर पडली, तो निळा डाग पुढे दोन आठवडे होता. बाबा म्हणत राहिले, “प्रज्ञा, राहू दे. प्रज्ञा.” मैत्रीने एकदा माझ्याकडे, एकदा आजोबांकडे पाहिलं, तिची बॅग घेतली आणि चालायला लागली.

बसस्टँड मुख्य रेल्वे स्टेशनच्या अगदी शेजारी आहे, पण पाटी लहान असल्यामुळे चटकन दिसत नाही. तिकीट खिडकीवर मिळतं, बसमध्ये घ्यायला गेलात तर महाग. माणशी दहा युरोच्या आत काम होतं. दोन प्रकारच्या बस आहेत: एक जलद, सव्वा तासात पोचवणारी, आणि दुसरी गावागावांतून थांबत जाणारी. खिडकीवरच्या बाईने वेळापत्रकातल्या जलद बसवर बोट ठेवलं. बाबांनी दुसरीवर ठेवलं. स्टँडवर आल्यापासून त्यांनी केलेली ती पहिली हालचाल. मोठं सामान खालच्या कप्प्यात स्वतः ठेवायचं असतं. बाबांनी ठेवलं, मी हात लावायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

पुढच्या दोन सीट मिळाल्या, ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला. मैत्री पलीकडे एकटी बसली. बस गावाबाहेर पडली आणि मी सुरू झाले. नचिकेतचा नम्रपणा कसा शोभेचा आहे, शैलामावशींचं कौतुक कसं विषारी आहे, बारा वर्षं या लोकांच्या घरी मी पुरणपोळ्या लाटल्या. बाहेर ऑलिव्हची झाडं, द्राक्षांचे मळे, डोंगरावरची पिवळट घरं जात होती आणि मी त्यातलं काही बघत नव्हते.

“त्याहीचं राहू दे,” बाबा म्हणाले. “त्याहीले ऑफिसर कोण सांगतलं?”

मी खिडकीबाहेर बघू लागले.

“मी विचारून राहिलो तुले.”

“मी सांगितलं,” मी म्हटलं. “आल्यावर, पहिल्याच वर्षी. खोटं असं नाही, नुसतं ‘ट्रान्सपोर्टमध्ये होते’ म्हटलं. मग कोणीतरी ऑफिसर का म्हणून विचारलं आणि मी नाही म्हटलं नाही.”

“काहून?”

“कारण एक प्रश्न आला की दुसरा येतो, बाबा. वडील काय करायचे, मग कुठे राहता, मग आडनाव काय. तुम्हाला माहीत नाही तिकडे अमेरिकेत कसं असतं.”

“मले माहीत नाही?” त्यांचा आवाज चढला नाही. ते रागावले की हळू बोलतात. “त्या पोट्ट्यानं मले ड्रायव्हर म्हटलं. मी ड्रायव्हरच होतो. त्याचं चुकलं ते मले समजते, त्याचं मी पाहून घेतो. पण तू? बारा वर्षं तू मले नाही म्हणून राहिली. माझ्या ड्रायव्हरीवर तू इंजिनिअर झाली अन् तुलेच लाज वाटते.”

“लाज नाही, बाबा. मी स्वतःला वाचवत होते.”

“माझ्यापासून?”

ते उठले. चालत्या बसमध्ये, दांडा धरून, तोल न जाता पलीकडे गेले आणि मैत्रीशेजारी बसले. पुढचा तासभर त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

खरं सांगते, तेव्हा मला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. मला त्यांचाही राग आला. मी त्यांच्यासाठी भांडले, घोटा फोडून घेतला, बारा वर्षांची दोस्ती रस्त्यात सोडली आणि आरोपी मीच? नव्या देशात व्हिसावर आलेली मुलगी काय काय झाकते, हे त्यांना कोण सांगणार? हा राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. फक्त त्यांचा जास्त खरा होता.

बस एका खेड्यात शिरली. दोन दगडी घरांमधून रस्ता काटकोनात वळत होता आणि ड्रायव्हर, पन्नाशीच्या आसपासचा जाड मिशीचा माणूस, न थांबता बस त्यातून काढत होता. बाबा पुढे वाकले. त्यांचे हात मांडीवर वळत होते, ड्रायव्हरच्या हातांच्या क्षणभर आधी. वळण पार पडल्यावर ते मैत्रीला म्हणाले, “पाह्यलं? मागचं चाक कुठं गेलं ते पाह्यलं?” समोर ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी होती, ती ते पाळत होते.

सिएनाला शेवटच्या थांब्यावर सगळे उतरेपर्यंत बाबा थांबले. मग ड्रायव्हरसमोर उभे राहून त्यांनी हवेत मोठं स्टिअरिंग फिरवलं आणि छातीवर हात ठेवला. ड्रायव्हरला कळेना. तेव्हा मैत्री म्हणाली, मोठ्याने, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशी: “माय ग्रँडफादर ड्रोव्ह अ बस! थर्टी फोर इयर्स!” आणि बोटांनी चौतीस करून दाखवले.

“आह!” तो म्हणाला, बाबांचा हात धरून दोनदा हलवला, इटालियनमध्ये काहीतरी लांबलचक बोलला, टायरवर लाथ मारून तोंड वाकडं केलं. बाबांनी टायर पाहिलं आणि तसंच तोंड वाकडं केलं. मग तो सिगरेट ओढायला गेला. दोन मिनिटांचा प्रसंग.

मी बॅगा धरून उभी होते. तेरा वर्षांच्या पोरीला ते वाक्य बोलायला काहीच लागलं नाही.

थांब्यापासून मुख्य चौक चालत दहा-पंधरा मिनिटं, बराचसा उतार. चौक शिंपल्यासारखा खोलगट आहे, लाल विटांचा, आणि लोक सरळ जमिनीवर बसतात, लोळतात. आम्हीही बसलो. तिथे हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखा पास्ता मिळतो, तो खा. चौकातल्या हॉटेलांपेक्षा मागच्या गल्लीत चांगला आणि स्वस्त. व्हॅनवाले दोन तास उशिरा आले. गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये जागा मिळायला वेळ गेला, मग चढावर बॅगा ओढल्या. घामेजलेला नचिकेत, मागे निळी बॅग ओढणारी केतकी. मी तोंड फिरवलं.

“बोलाव त्याहीले,” बाबा म्हणाले.

“मला नाही बोलायचं.”

“तुले बोलायचं आहे. आधी तू बोल.”

काय बोलायचं ते मला कळलं. मी हात केला. ते आले, उभेच राहिले. मी विटांवर बसल्या बसल्या म्हटलं, “बाबा ऑफिसर नव्हते. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. इतकी वर्षं.”

केतकी पटकन म्हणाली, “अगं वेडी, त्यात काय एवढं? आम्हाला काय फरक पडतो?”

“पडला ना,” मी म्हटलं. “सकाळी पडला.”

“सॉरी काका,” नचिकेत म्हणाला. “तुम्हाला हर्ट झालं असेल तर...”

“हर्ट नाही झालं,” बाबा म्हणाले. “सामान उचलायचं मले वाईट नाही वाटत. उचलतो. मागं बसायचंबी नाही वाटत. मले एकच सांग भाऊ. काल का नाही उचलू दिलं?”

ते खरंच उत्तराची वाट बघत होते.  केतकी रडायला लागली. शैलामावशी म्हणाल्या, “उन्हात कशाला बसायचं, हॉटेलात जाऊ या ना.” आणि उत्तर न देता ते तिघं गेले.

उरलेले दोन दिवस आम्ही वेगवेगळे फिरलो. रोमच्या विमानतळावर बाबांनी मैत्रीला जवळ घेतलं, माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि आत गेले.

आता हर्नडन. ग्रुपवर केतकीने फोटो टाकले, दीडशे फोटो, त्यांत सिएनाचे मोजून पाच. कोणी ग्रुप सोडला नाही, कोणी बोलतही नाही. परवा किराणा दुकानात ती समोरून आली. आम्ही दोघी एकमेकींना ‘कशी आहेस’ म्हणालो आणि दोघींनी उत्तराआधी पाय उचलला. तिची आठवण येते. रागही तेवढाच येतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

ऑफिसात, कॉलनीत ज्यांना ज्यांना मी ते ‘ट्रान्सपोर्ट’ सांगितलं होतं, त्यांना एकेकाला खरं सांगतेय. बहुतेकांना आठवतही नव्हतं. त्याचाही राग आला. ज्या शब्दामागे मी माझ्या बापाला झाकलं, तो कोणी नीट ऐकलाही नव्हता.

बाबांना दर रविवारी फोन करते. तीन रविवार त्यांनी “जेवली का?” विचारून “मैत्रीले दे” म्हटलं. चौथ्या रविवारी मी फोन दिला नाही.

“बाबा, माझ्याशी बोला.”

“तू रागात आहे का अजून?”

“हो.”

“मीबी आहो,” ते म्हणाले. पलीकडे त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, म्हणजे ते बसले. “बोल आता. वेळ आहे माझ्याकडे.”